टोल पडेतोवर

अकोल्याच्या सरकारी शाळेत मी सहा वर्षं मास्तर होतो, आणि तेवढ्या काळात नोकरी सोडून वाईला परत जायचं मी निदान दहा वेळा तरी पक्कं केलं असेल. रागाच्या भरात राजीनामा लिहायचा, पागोटं डोक्यावर चढवायचं आणि तरातरा कचेरीकडे निघायचं, असा माझा क्रम. पण कचेरीच्या वाटेवर, मोर्णा नदीच्या काठी, उकर्डाजी माळ्यांचा मळा लागे. ते मोट हाकता हाकता मला पाहत आणि बैल न थांबवता विचारत, "मास्तर, कचेरी सांजपावतर उघडी हाय ना?"

"आहे."

"मंग घाई काहून करून राह्यले? हे वांगे घ्या, घरी जा, भाजी खा. मंग द्या राजीनामा."

भरल्या वांग्यांचं कालवण पोटात गेल्यावर राजीनामा द्यायची ताकद माझ्यात एकदाही उरली नाही. माझी पेन्शन ही सरकारची नव्हे, उकर्डाजींच्या वांग्यांची कमाई आहे, असं माझी बायको आजही म्हणते. ती खोटं बोलत नाही.

उकर्डाजी हे नाव ऐकून आमच्या वाईकडची माणसं हसतात. वऱ्हाडात ज्या घरी मुलं जगत नाहीत तिथं नवं मूल जन्मलं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. उकर्डाजींच्या आधीची चार गेली होती. "माय लगेच उचलाले धावली," ते मोठ्या चवीनं सांगत, "तं बाप म्हणे, राहू दे अजून जरासा. काम नीट होऊ दे." बापाच्या त्या सावकाशपणाचा गुण असा लागला, की पुढं पन्नास वर्षांत या माणसाला कुणी घाईत पाहिलं नाही. बांधा बुटका आणि रुंद, पावलं फताडी, पागोटं कायम सैल. दिवसातून वीसदा ते पागोटं उतरवून पुन्हा बांधत, आणि बांधत असताना समोरच्यानं कितीही आरडाओरडा केला तरी उत्तर देत नसत. बांधून झालं की मग बोलत. तोवर समोरच्याचा निम्मा राग उतरलेला असे.

दुसरी सवय मोजण्याची. कोणत्या वाफ्याला किती मोटा पाणी गेलं हे कळावं म्हणून ते मोट हाकताना पुटपुटत आकडे मोजत. ही सवय इतकी मुरली होती की बाजारात बसले, जेवायला बसले तरी ओठ हलत. त्यांची बायको राहीबाई मला एकदा म्हणाली, "अवो मास्तर, लग्नात अंतरपाट धरला तईबी हे मोजूनच राह्यले होते. म्या मांगून इचारलं, काय मोजत होते? तं म्हणे, भटजीचे श्लोक."

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नसे. तेल्हाऱ्याकडच्या एका पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, तर दुसऱ्यानं हट्टानं चांदीचा हुक्का केला, आणि तो ओढता येत नव्हता म्हणून नुसता समोर ठेवून बसू लागला. कापसाचे तंतू तर कुठं नव्हते? भुवयांत होते, वरणात होते, शाळेत दौतीत बोरू बुडवला की शाईबरोबर एक धागा वर येई. सगळ्यांनी सगळीकडे कापूस पेरला. उकर्डाजींनी मेथी, वांगी आणि कांदे लावले. "समदे कापूस पेरून राह्यले," ते म्हणत, "मंग खातीन काय, सरकी?"

गावात त्यांना मान होता तो मात्र भाजीमुळे नव्हे, पाट्यांमुळे. आट्यापाट्यांचा खेळ आमच्याकडेही आहे, पण वऱ्हाडातल्यासारखा जीव टाकून खेळलेला मी कुठं पाहिला नाही. जमिनीवर राखेनं नऊ आडव्या पाट्या आखायच्या आणि मधून एक लांब उभी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक राखणदार. विरुद्ध बाजूच्या गड्यांनी त्यांना हुलकावण्या देत शेवटपर्यंत जायचं आणि तसंच पहिल्या पाटीबाहेर परत यायचं. जो आला त्यानं लोण आणलं. ज्याला राखणदाराचा हात लागला तो बाद. या राखणदारांत मुख्य तो सूर. पहिली आडवी पाटी आणि मधली उभी पाटी, दोन्ही त्याच्याच. आमच्या अकोल्याचे सूर उकर्डाजी, आणि खेळाचं मैदान म्हणजे त्यांच्याच विहिरीलगतचा पडीक पट्टा.

सरावाच्या वेळी मी पाहायला जाऊन बसत असे. गडी पळून पळून घामाघूम झाले, जिभा बाहेर आल्या, की उकर्डाजी एकेकाला पाटीवर उभं करून विचारत, "सांग, तुया घरी बैल किती? पोरं किती?" हसण्यावारी नेऊ नका. नथ्थू नावाच्या गड्यानं एकदा धापा टाकत स्वतःची पोरं पाच सांगितली. होती चार. त्याची बायको बांधावर उभी होती, त्यामुळे तो प्रश्न पुढं दोन दिवस घरी चालला. उकर्डाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "दमल्यावर ज्याले आपले पोरं मोजता येत नाही, त्यानं पाटीवर काई डोकं चालवू नये. नुसतं आपल्या जागी उभं राहावं. निम्मं काम त्यातच होते."

त्यांचं स्वतःचं डोकं दमल्यावर कसं चालतं, ते मी पाटीबाहेरही पाहिलं. एकदा नदीकाठी कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि कुणाच्या तरी चिलमीची ठिणगी पडून एका गाडीनं पेट घेतला. जो तो घागर, लोटा, हाताला लागेल ते घेऊन नदीकडे धावला. मीसुद्धा धावलो, आणि नदीवर पोचल्यावर पाहतो तर माझ्या हातात छत्री होती. दिवसभर मोट हाकून उकर्डाजी घरी निघाले होते. त्यांनी पागोटं नीट बांधलं, पेटलेल्या गाडीचे बैल सोडले, जूं उचललं आणि गाडी उताराकडे वळवून घाटावरून खाली सोडून दिली. गाडी गडगडत गेली आणि मोर्णेत बसली. "पानी गाडीपाशी आणण्यापरीस," ते म्हणाले, "गाडीच पान्यापाशी न्या ना." कापूस भिजला म्हणून गाडीवाला त्यांनाच शिव्या देत होता. बाकीच्या चाळीस गाड्या वाचल्या याचं त्याला काय!

तर या माणसाची विहीर जायची वेळ आली.

झालं असं, की त्यांचा धाकटा भाऊ पुंजाजी कापसाच्या वाऱ्यानं पुरता उडाला होता. अमरावतीचे एक दलाल होते, मोतीशेठ. त्यांना अकोल्यात कापूस रचायला नदीकाठची जागा हवी होती. पुंजाजीनं भर बाजारात चार पंचांसमोर त्यांना मैदान आणि विहीर देतो म्हणून जबान दिली. घरी विचारलंसुद्धा नाही. विहीर गेली म्हणजे मोट गेली, मोट गेली म्हणजे मळा गेला. राहीबाईनं दिराला काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. मी म्हणालो, "सरळ नाही म्हणा, जमीन तुमच्या नावावर आहे." उकर्डाजींनी पागोटं बांधलं आणि म्हणाले, "भावानं जबान देली, मास्तर. बाजारात त्याले खोटं कसं पाडू? पर विहीर तं मले पाह्यजे."

अखेर पंचांनीच तोड काढली. मोतीशेठच्या गाडीवानांचा पाट्यांचा संघ अमरावतीला नावाजलेला होता. दोन्ही गावांचा सामना लावावा. अकोला जिंकलं तर जबान माफ. हरलं, किंवा नुसती बरोबरी झाली, तरी विहिरीसकट जमीन शेठजींची, कारण शब्द आधी त्यांना मिळालेला. मोतीशेठ हौशी माणूस, लगेच तयार झाले.

आणि वेळ मोजायची कुणी? तर मास्तरांनी. माझ्याजवळ वडिलांचं तांब्याचं घटिकापात्र होतं. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर सोडायची. पाणी आत येत येत ती भरून बुडाली की एक घटका झाली. शाळेचे तास मी त्यावरच धरत असे. एक घटका एका संघानं पळायचं, एक घटका दुसऱ्यानं. वाटी बुडाली की मी काशाच्या थाळीवर टोल द्यायचा, की खेळ संपला. या कामाला शांत माणूस हवा असतो. गावात तांब्याचं घटिकापात्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, एवढीच माझी लायकी.

सामन्याच्या दिवशी सगळं अकोलं बांधावर होतं. अमरावतीहून आलेल्या कापसाच्या गाड्याही मैदानाला लागून वाऱ्याच्या बाजूला उभ्या. आमचे गडी आधी पळाले आणि त्यांनी चार लोण आणले. मग अमरावतीची पाळी. अर्धी घटका व्हायच्या आत त्यांचे तीन लोण झाले. मग उकर्डाजींनी ओठ हलवत, मधल्या पाटीवर एकदा वर एकदा खाली चालत एकेक गडी टिपायला सुरुवात केली. शेवटी अमरावतीचा एकच गडी उरला, परतवाड्याकडचा सुदाम. विशीतला, हरणासारखा. तो सगळ्या पाट्या ओलांडून टोकाला पोचला आणि परत फिरला. तो परत आला तर बरोबरी. म्हणजे विहीर गेली.

माझे डोळे वाटीवर. पाणी काठाखाली दोन बोटं होतं. मी मनात दहापर्यंत मोजलं. दोन बोटंच. पुन्हा मोजलं. दोनच. मला वाटलं, आपल्याच उतावळेपणामुळे असं दिसतंय. लहानपणी वडील म्हणत, तू पाहत बसलास की दूधसुद्धा तापत नाही. मी डोळे मिटले, उघडले. पुंजाजी माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. दोन दिवस तो जेवला नव्हता. वाटीकडे पाहत पाहत त्याचा धीर सुटला आणि तो ताडकन उठून ओरडला, "भरली! भरली! जितलो!"

मग काय विचारता! ढोल सुरू झाला. आमचे आठही राखणदार पाट्या सोडून एकमेकांच्या गळ्यात पडले. नथ्थू तर जमिनीवर लोळायला लागला. मी "नाही, नाही" म्हणून ओरडत होतो, पण ढोलापुढं ते कुणाला ऐकूच जाईना. सुदाम गोंधळून उभा राहिला. मग त्याला दिसलं की मैदान मोकळं आहे आणि मास्तर दोन्ही हात हलवतो आहे. तो सुटला.

सबंध मैदानात पाटीवर होते ते एकटे उकर्डाजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, टोल?"

मी मान हलवली. नाही.

"धरा! मांगं पळा!" बांधावरून शंभर माणसं ओरडली. उकर्डाजींनी सुदामकडे चक्क पाठ फिरवली आणि ते मधल्या पाटीवरून पहिल्या पाटीकडे चालू लागले. चालू लागले म्हणतो मी! सुदाम एकेक पाटी ओलांडत होता आणि हा गृहस्थ मळ्यातून घरी निघाल्यासारखा चालत होता. राहीबाई किंचाळली, "अवो, तिकडं कुठी निंगाले? तो इकडं हाय ना!" मला वाटलं, संपलं. या माणसानं विहीर सोडून दिली.

चालता चालता ते गड्यांना एवढंच म्हणाले, "आपापल्या पाटीवर." आवाजही चढवला नाही. आठही जण चपापून आपापल्या जागी पळाले. सुदाम तोवर परतीच्या शेवटच्या घरात, म्हणजे दुसऱ्या आणि पहिल्या पाटीच्या मधे, पोचला होता. आता त्याच्या मागच्या पाट्या पुन्हा राखलेल्या, आणि पुढं एकच पाटी, आणि तिच्यावर उकर्डाजी. मागं लागून पन्नाशीच्या माणसाला विशीचा पोरगा कधीच सापडला नसता. म्हणून तो जिथं आल्याशिवाय सुटका नाही, तिथं हे जाऊन उभे राहिले होते. तिथं उभं राहून त्यांनी पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

सुदाम डावीकडे झुकला, हे अर्धं पाऊल सरकले. उजवीकडे झुकला, अर्धं पाऊल. आणि वाटी बुडेना. दोन बोटं म्हणजे दोनच बोटं. ढोल थांबला. अमरावतीकर ओरडायला लागले, "पळ बे सुदाम! घटका भरते!" सुदामच्या छातीचा भाता हलत होता.

"सुदाम," उकर्डाजींनी शांतपणे विचारलं, "तुया घरी बैल किती हायेत?"

"चार," सुदाम म्हणाला. मग म्हणाला, "नाही, सहा."

उकर्डाजींनी मान डोलावली. सुदामनं उजवीकडे हूल दिली, तीच मघाची, आणि डावीकडून उडी घेतली. उकर्डाजींचा हात तिथं आधीच होता. सुदामच्या पाठीवर तो असा टेकला, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, शाबासकी देताहेत.

पुढचा गलका मी ऐकला नाही. मी वाटी उचलून उताणी केली होती. बुडाच्या भोकात कापसाचा एक तंतू गुंडाळून बसला होता. घटका केव्हाच भरायला हवी होती. माझ्यामुळे या माणसाची विहीर जाता जाता राहिली होती. ती वाटी घेऊन मी उकर्डाजींसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं.

त्यांनी वाटी पाहिली. "मले ठावं होतं," ते म्हणाले. "माया बैलाच्या बावीस मोटा झाल्या की तुमची घटका भरते. म्या आज पाटीवर मनातल्या मनात एकोणचाळीस मोजल्या."

मी संतापलोच. "मग बोलला का नाहीत? तुमची विहीर जात होती ना?"

"टोल तुमच्या हातात होता, मास्तर. माया हातात पाटी होती. टोल पडेतोवर खेळ." मग त्यांनी तो तंतू बोटांत धरून उजेडात पाहिला. "लांब धाग्याचा हाय. मोतीशेठच्याच गाडीतला असंल."

सगळ्यात आधी मोतीशेठ हसले, आणि मग सगळं मैदान. शेठजी शब्दाचे पक्के. त्यांनी तिथंच पंचांसमोर जबान माफ केली आणि जाताना दोन टोपल्या वांगी नेली. पुंजाजीला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून उकर्डाजींनी त्याला मोटेवर उभं केलं आणि मोठ्यानं मोजायला लावलं, एवढंच. पुढं लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, चांदीचे हुक्के गुपचूप सोनाराकडे परत गेले, तेव्हा पुंजाजी मोटेवर आकडे मोजतच होता, आणि घरात भाजी-भाकरी होती.

माझा मात्र राग माझ्यावरच होता. त्याच संध्याकाळी मी ते घटिकापात्र त्यांच्या विहिरीत भिरकावलं. वडिलांची एवढी एकच वस्तू माझ्याजवळ होती, हे ती पाण्यात पडल्यावर आठवलं. मी काठावर बसून चक्क रडलो. उकर्डाजी खाली वाकून पाहत म्हणाले, "लई खोल गेलं. राहू द्या. एखाद्या उन्हाळ्यात पानी आटते, तवा पाहू." असं बोलून का कुणाचं समाधान होतं? माझं झालं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली खानदेशात झाली. तोवर अकोल्याला आगगाडी आली होती. गाडीची दुसरी घंटा झाली तरी उकर्डाजींचा पत्ता नव्हता, आणि मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होतो. बायको म्हणत होती, आत या, पडाल. शिटी झाली, गाडी हलली, आणि तेव्हा फाटकातून दोघे भाऊ आत शिरताना दिसले. पुंजाजी मला पाहताच ओरडत डब्यामागं धावत सुटला आणि एका हमालावर आदळला. उकर्डाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. फलाटाच्या पुढच्या टोकाकडे ते सावकाश चालू लागले. मी नको तेवढा हळवा माणूस. मला वाटलं, निरोप घेणं त्यांना जड जातंय. पाट्यांचा तो सामना मी पाहिला होता, तरी मला कळलं नाही.

गाडी रांगत रांगत टोकाशी आली. तिथं ते उभे होते, पागोटं बांधून झालेले. माझी खिडकी समोर येताच त्यांनी एक पुरचुंडी माझ्या हातात ठेवली, इतक्या निवांतपणे, की जणू गाडी त्यांच्यासाठीच थांबली आहे.

"औंदा पानी आटलं," ते म्हणाले. "भोक साफ हाय. बावीस मोटांत भरते. तीनदा पाह्यलं."

मी मागं वळून पाहत राहिलो. गाडीनं वेग घेतला तरी ते हलले नव्हते. दोन्ही पाय फाकून, हात सैल सोडून, ते फलाटाच्या कडेला उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते गाडीचे डबे मोजत होते.